चॅट्सवर्थ अश्वशाळा
चॅट्सवर्थ अश्वशाळा : इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील चॅट्सवर्थ या सरदारी प्रासादाची अठराव्या शतकातील पागा. चौथा ड्यूक ऑफ डेव्हनशर विल्यम कॅव्हेंडिश (१७२०–६४) याने वास्तुविशारद जेम्स पेन (१७१७–८९) याच्याकडून तिचा आराखडा करून घेतला. हा ड्यूक १७५६–५७ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता. बांधकाम १७६० च्या सुमारास झाले.

प्रासादाजवळच्या जुन्या पागा व कामकाजाच्या इमारती पश्चिमेकडील दृश्यात अडसर ठरत होत्या. प्रासादाचे मुख्य दर्शन त्या बाजूने मोकळे व्हावे, म्हणून ड्यूकने त्या पाडून टाकल्या. परिसराची पुनर्रचना लॅन्सलॉट ब्राउन या उद्यानरचनाकाराने केली, तर डर्वेंट नदीवरील नवा पूल पेनने बांधला. नवी पागा प्रासादाच्या ईशान्येस उंचवट्यावर उभारण्यात आली. घोड्यांचा वास व गवताला आग लागण्याचे भय यांमुळे अशा इमारती निवासापासून दूर असणे सोयीचे असे. परंतु पाहुण्यांच्या नजरेत भरतील अशाच त्या बांधल्या जात. उत्तम घोडे व गाड्या ही सरदाराच्या प्रतिष्ठेची उघड खूण होती.

ही दुमजली दगडी वास्तू चौरस असून तिची प्रत्येक बाजू सु. ५८ मी. आहे. चारही कोपऱ्यांवर ठेंगणे मनोरे व मध्यभागी प्रशस्त चौक आहे. प्रवेशद्वारापाशी चार डोरिक स्तंभ असून वरच्या त्रिकोणी शीर्षभागात कॅव्हेंडिश घराण्याचे भव्य कुलचिन्ह कोरलेले आहे. त्यातील पूर्णाकृती सांबरांना खरी शिंगे बसविलेली आहेत. द्वारावर घड्याळाचा मनोरा व त्यावर लहान घुमटी आहे. तळमजल्यावर ८० घोड्यांची ठाणे होती. नाल ठोकण्यासाठी लोहारशाळाही येथेच होती. वरच्या मजल्यावर धान्याची कोठारे व मोतद्दारांच्या खोल्या होत्या. १८३० नंतरच्या दशकात सहाव्या ड्यूकने पागेच्या मागील बाजूस गाडीखाना बांधला.

बाहेरून राजवाड्यासारख्या दिसणाऱ्या या वास्तूत माणसे घोड्यांच्या वर, दाण्याच्या कोठारांशेजारी राहत. त्यांच्यातही पायऱ्या होत्या. गाडीच्या जोडीतील घोड्यावर स्वार होऊन ती हाकणाऱ्यास पोस्टिलियन म्हणत. येथील एका खोलीवर ‘तिसऱ्या पोस्टिलियनची शयनखोली’ असा निर्देश पुढेही दीर्घकाळ राहिला. त्या खोलीतील माणसांची नावे सर्वसाधारण वाचकास ठाऊक नाहीत. हुद्द्याची नोंद मात्र इमारतीने जपली. द्वारावरील कुलचिन्ह आणि ही खोली यांतील अंतर हेच तत्कालीन सरदारी व्यवस्थेचे यथार्थ चित्र होय.

विसाव्या शतकात मोटारीमुळे पागेचे मूळ प्रयोजन संपले. १९३९ मध्ये शेवटचे घोडे येथून गेले व इमारतीचा उपयोग गोदाम आणि मोटारखाना म्हणून होऊ लागला. दहावा ड्यूक १९५० मध्ये मरण पावला, तेव्हा मालमत्तेवर ८० टक्के दराने मृत्युकर आकारण्यात आला. त्याच्या फेडीसाठी हार्डविक हॉल हा घराण्याचा दुसरा प्रासाद आणि अनेक मौल्यवान कलावस्तू सोडून द्याव्या लागल्या, तसेच विस्तीर्ण जमिनी विकाव्या लागल्या. चॅट्सवर्थ टिकवावयाचे, तर प्रेक्षकांकडून मिळणारे उत्पन्न आवश्यक होते. १९८१ मध्ये प्रासादाच्या जतनासाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला. पागेत उपाहारगृहे व दुकाने थाटण्यात आली, तर मोतद्दारांच्या काही खोल्यांचे रूपांतर कर्मचारी व निवृत्त सेवकांच्या सदनिकांत झाले.

इंग्लंडमधील अनेक ग्रामीण प्रासाद विसाव्या शतकात पाडले गेले आणि त्यांबरोबर पागाही गेल्या. काही ठिकाणी प्रासाद नष्ट होऊन केवळ पागाच उरल्या. चॅट्सवर्थमध्ये दोन्ही टिकून आहेत. एके काळी धन्याचा डौल मिरविण्यासाठी उभारलेली ही पागा पुढे त्याच्या प्रासादाच्या निर्वाहास हातभार लावू लागली, हे तिच्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.