तेलकट पोत्यांची गोष्ट

माझी आजी तांदूळ रोळायची. पातेल्यातल्या पाण्याला हलके हेलकावे देत तांदूळ दुसऱ्या भांड्यात, खडे तळाशी. खाणीतल्या खनिजातली घाण काढायचीही शेकडो वर्षं हीच रीत होती. जड ते खाली बसणार, हलकं ते पाण्याबरोबर जाणार.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला ही युक्ती फसली. तिथलं शिशाचं खनिज चांगलंच जड, ते सुटायचं. पण जस्ताचं खनिज आणि त्याच्यासोबतचा ऱ्होडोनाइट नावाचा दगड, दोघांच्या जडपणात फरक थोडाच. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जस्त असलेल्या टाकाऊ चुऱ्याचे डोंगर उभे होते.

उत्तर निघालं ते तेलात. दळलेल्या खनिजाच्या कणाला तेल लागलं की तो पाण्यात भिजत नाही. हवेच्या बुडबुड्याला चिकटतो आणि, दगडाहून जड असूनही, फेसाबरोबर वर येतो. दगड भिजतो, बुडतो. (ताक घुसळताना लोणी वर येतं तसंच काहीसं.) ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी ग्रॅफाइट शुद्ध करायला १८७७ मध्येच असं पेटंट घेतलं होतं.

आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट. अमेरिकेत कॅरी एव्हरसन नावाची एक शाळामास्तरीण भावाची खनिजाची तेलकट पोती धूत होती, चमकणारे कण फेसावर तरंगताना दिसले, झाला शोध! मीही ती बरीच वर्षं खरी मानत होतो.

खरं तर ती शिकागोतल्या एका डॉक्टरची बायको. नवऱ्याने खाणीत पैसे घातले होते, त्या निमित्ताने ती खनिजांच्या अभ्यासाकडे वळली. १८८६ च्या तिच्या पेटंटात तेलासोबत आम्लही आहे. आता, पोती धुताना पाण्यात आम्ल कोण घालतं? ते प्रयोगातूनच आलेलं असणार. पण बाईने डोकं चालवलं म्हणण्यापेक्षा धुणं धुताना नशीब फळलं म्हणणं लोकांना सोपं गेलं असावं.

सगळं श्रेय तिचं नाही, हेही खरं. हवेचे बुडबुडे आणि अगदी थेंबभर तेल, ही किमया १९०५ ची, लंडनच्या सुलमन आणि पिकार्ड यांची. त्या पेटंटावरून अमेरिकेत मोठे खटले झाले, १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या धामधुमीत खाणवाल्यांना जुन्या पेटंटाची आणि कॅरीबाईंची आठवण झाली, शोधाशोध सुरू झाली.

पेटंटाची १७ वर्षांची मुदत १९०३ मध्येच संपली होती. आणि बाई १९१४ मध्ये वारल्या होत्या.