बाभूळबनाची गोष्ट



शिरूर-दौंडच्या माणसाला बाभळीचं काय सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. पावसाळ्यात पिवळ्या गोंड्यांनी फुललेली बाभूळ आपण लहानपणापासून बघतो. पण तिची मागची हकिकत ऐका, आजही कामाला येईल.

घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठची खोल काळी जमीन बाभळीला मानवते. पुराचं पाणी काही दिवस साचलं तरी ती मरत नाही, आणि अवर्षणात मूळ खोल घालून ओल शोधते. म्हणून या काठांनी बाभूळबनं होती. नांगर, कुळव, गाडीची चाकं तिच्या लाकडाची. साल चामडं कमवायला, डिंक लाडवाला, शेंगा शेरडा-मेंढरांना.

१८७८ साली इंग्रज सरकारने वनकायदा केला. पुढे नदीकाठची बाभूळबनंही राखीव झाली आणि चराईवर बंधनं आली. जंगलखात्याने गुरांची चराई अडवली, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडली आहे.

आता यातली खोच पाहा. बाभळीच्या बियांचं कवच टणक असतं. मेंढरांनी शेंगा खाल्ल्या आणि बी लेंडीतून पडलं, की ते लवकर रुजतं. म्हणजे ज्या मेंढरांना बनात अटकाव, तीच बाभळीची पेरणी करणारी!

पुढे लोखंडी अवजारं आली, ट्रॅक्टर आला, ऊस बांधाला भिडला आणि बाभळी तुटल्या. पडीक रानात परदेशी वेडी बाभूळ पसरली. दोघींत गल्लत करू नका. आपल्या बाभळीचं फूल गोल, पिवळा गोंडा. शेंग मण्यांच्या माळेसारखी. वेडीचं फूल लांब तुऱ्यासारखं.

बांधावर लावायची तर रामकाठी निवडा. ती सरळ वर जाते, पिकावर सावली कमी पडते. बी शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून वेचा. नाहीतर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बी टाका, रात्रभर भिजू द्या आणि पावसाच्या तोंडावर टोका. जागा उन्हाची हवी, सावलीत रोप धरत नाही. खालच्या फांद्या वेळेवर छाटा.

पहिली दोन-तीन वर्षं रोप शेळ्यांपासून जपा. पुढे उन्हाळ्यात चारा संपला, की तीच बाभूळ तुमच्या शेळ्यांना शेंगा देईल.