तोंडाचं माप

कवळीचं माप देताना पहिली दहा-पंधरा सेकंदं बरी जातात. डॉक्टर रबरी वाटीत पूड आणि पाणी घोटतात, तो लगदा ट्रेमध्ये भरून टाळूवर दाबतात आणि म्हणतात, "काका, नाकानं श्वास घ्या." मग घशाशी येतं, डोळे भरतात, लाळ हनुवटीवरून ओघळते. दोन-तीन मिनिटांनी ट्रे एकदाचा सुटतो आणि त्यात आपल्याच हिरड्या नि टाळूवरच्या वळ्या उलट्या उमटलेल्या दिसतात.

पूर्वी हा छळ नव्हता, पण मापही नव्हतं. हस्तिदंताचा नाहीतर पाणघोड्याच्या दाताचा तुकडा कोरायचा, तोंडात घालून बघायचा, टोचेल तिथे पुन्हा तासायचा. 1756 मध्ये बर्लिनच्या फिलिप फाफनं मेणानं माप घेऊन त्यात प्लास्टर ओतायची रीत लिहून ठेवली. हा फ्रेडरिक द ग्रेटचा दंतवैद्य. आता रोग्याला घरी पाठवून त्याच्या जबड्यावर टेबलाशी बसून काम करता येऊ लागलं. मेणाची खोड एकच: तोंडातून काढताना ते वाकायचं. पुढे प्लास्टरच तोंडात घालून पाहिलं. ते वाकत नसे, पण दगडासारखं घट्ट झालं की तुकडे करून काढावं लागे आणि बाहेर जोडत बसावं लागे. मलायाकडच्या झाडाचा चीक, गटापर्चा, हाही आला. तो गार होताना आक्रसे.

लंडनच्या चार्ल्स स्टेंट या दंतवैद्यानं 1856 मध्ये या गटापर्चात स्टिअरिन मिसळलं, शंखजिरं घातलं, लाल रंग दिला. गरम केलं की मऊ, गार झालं की आकार धरून बसणारं असं मिश्रण तयार झालं. पुढे पहिल्या महायुद्धात योहानेस एसर हा डच शल्यचिकित्सक चेहरे फाटलेल्या सैनिकांवर उपचार करत होता. जखमेच्या पोकळीत नवी त्वचा बसेपर्यंत तिला आतून आधार हवा होता, म्हणून त्यानं स्टेंटच्या मसाल्याचा साचा वापरला. तेव्हापासून शरीरात आकार धरून ठेवणाऱ्या कुठल्याही आधाराला 'स्टेंट' म्हणायची सवय लागली. 1986 मध्ये युरोपात हृदयाच्या रोहिणीत पहिली जाळी बसली तेव्हा नाव तयारच होतं. आज आपल्याकडे चहा पिता पिता लोक 'दोन स्टेंट टाकले' म्हणून सांगतात. तो शब्द बोळक्या तोंडाच्या मापातून आलाय हे त्यांच्या गावीही नसतं.

हल्लीची पूड समुद्री शेवाळातून येते. आधी अगार वापरत आणि ते बहुतेक जपानचं. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला, तेव्हा दुसऱ्या शेवाळातल्या अल्जिनेटचा जम बसला.

मग 1973 मध्ये ल्योंच्या फ्रांस्वा दुरेनं आपल्या प्रबंधात विचारलं की माप उजेडानं का घेऊ नये? 1985 मध्ये झुरिचला म्योरमान आणि ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्रानं खुर्चीशेजारीच दाताचं भरण कोरून दिलं. आता पेनाएवढा स्कॅनर तोंडात फिरतो, पडद्यावर जबडा उभा राहतो आणि कवळी रेझिनच्या थरांनी छापली जाते किंवा अॅक्रिलिकच्या चकतीतून कोरली जाते. प्लास्टर, मेणात दात लावणं, फ्लास्कमध्ये उकळणं, यातलं बरंच गळतं, खेपाही कमी होतात. फाइल जपलेली असते, त्यामुळे कवळी चूळ भरताना बेसिनमधून गेली तरी आजोबांना नव्यानं ओकाऱ्या काढाव्या लागत नाहीत. मला तरी हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

एक-दोन दातांच्या टोप्यांना हे छान जमतं, कारण दात जागचा हलत नाही. सगळे दात गेलेल्या तोंडाची गोष्ट वेगळी. तिथे हिरडी दबते, गाल ओढतात, जीभ उचलते आणि कवळी या सगळ्यांच्या मधे टिकायची असते. उजेड हिरडीला स्पर्श करत नाही, म्हणून ती किती दबेल हेही त्याला कळत नाही. त्यामुळे स्कॅनर बाळगणारे कित्येक डॉक्टरही पूर्ण कवळीचं माप आधी हातानं घेतात आणि मग ते माप स्कॅन करतात. ट्रेच्या कडेला लावायची हिरवी कांडी स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करतात, कोमट पाण्यात बुडवतात. ही स्टेंटच्या मसाल्याच्याच कुळातली. ट्रे तोंडात बसवून अंगठ्यानं गाल चोळत सांगतात, "ओठांचा चंबू करा. आता जीभ बाहेर. अजून थोडी."