हवाईसुंदरीची नोकरी आणि न्यायासन

संसारासाठीं स्त्रिया नोकरी सोडतात, असें आपण सहज म्हणतों; परंतु ती त्यांस टिकवूं दिली काय, हें इतिहासास विचारावें. एअर इंडियाच्या नियमांप्रमाणें हवाईसुंदरीस वयाच्या ३५ व्या वर्षीं, सेवेच्या पहिल्या ४ वर्षांत विवाह केल्यास, किंवा प्रथम गरोदर राहतांच, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां निवृत्त व्हावें लागे. पुरुष सेवकांस विवाहाची वा पितृत्वाची अशी आडकाठी नव्हती. नर्गेश मीर्झा खटल्यांत १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गरोदरपणाची अट रद्द केली; मात्र ४ वर्षांची विवाहबंदी कुटुंबनियोजनास पोषक म्हणून उचित ठरविली! संसार व नोकरी यांचा तोल स्त्रीस साधत नाहीं, असें म्हणण्यापूर्वीं तराजू कोणाच्या हातीं होता, हें पाहावें, असें आम्हांस वाटतें.