लोणार विवर व पायवाट

लोणार विवर : महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील, अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले वर्तुळाकार विवर आणि त्याच्या तळाशी असलेले खाऱ्या पाण्याचे सरोवर. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लोणार या तालुक्याच्या गावाला लागूनच ते आहे. चिखली तालुक्यातील उंद्रीहून मेहकरमार्गे येथे येता येते. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी., काठापासून खोली सुमारे १५० मी. आणि सरोवराचा व्यास सुमारे १.२ किमी. आहे. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असल्याने शेजारी येईपर्यंत विवराची कल्पना येत नाही.

भूरचना : दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. विवर मात्र त्या मानाने अगदी अलीकडचे. पूर्वी त्याचे वय सुमारे ५०,००० वर्षे धरले जाई. आरगॉन कालमापनाने ते सुमारे ५.७ लाख वर्षे निघाले. सभोवती ज्वालामुखीचाच खडक असल्याने हे ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज बराच काळ होता. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. १९७० च्या दशकात तळाशी छिद्रे घेऊन खडकांचे नमुने तपासण्यात आले. प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले मास्केलिनाइट त्यांत सापडले आणि आघाताचा सिद्धांत पक्का झाला. तळाशी सुमारे १०० मी. जाडीचा गाळ साचलेला आहे. चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागावरही काळा पाषाणच मोठ्या प्रमाणात असल्याने तेथील विवरे समजून घेण्यासाठी अभ्यासक लोणारला येतात.

पायवाट : उतरण्याची सोयीची वाट ईशान्य काठावरील धारेपासून सुरू होते. येथे गोमुखातून गोड्या पाण्याची बारमाही धार पडते. भाविक तिच्याखाली स्नान करतात. पायऱ्या व मळलेली वाट यांवरून सावकाश चालणाऱ्यालाही तळ गाठता येतो. दम लागतो तो परतीच्या चढावर. कड्यात लाव्हाचे एकावर एक थर दिसतात. मूळचे आडवे थर काठाजवळ बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, तर माथ्यावर आघाताने उडालेला खडक उलथून पडलेला आहे. म्हणजे खाली उतरणारा माणूस आधी विस्कटलेला खडक पाहतो आणि मग जागचा. या क्रमाकडे लक्ष देत चालणे हाच या वाटेचा खरा लाभ होय. वाटेत रामगया व इतर जुनी मंदिरे लागतात. पुढे झाडीतून सरोवराच्या काठाने कमळजा देवीच्या मंदिराकडे जाता येते. नवरात्रात तेथे यात्रा भरते. मंदिराजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारट असल्याचे सांगतात. सरोवराची पातळी वाढली की काठची वाट पाण्याखाली जाते. वरच्या काठाचा फेरा सुमारे सहा किमी. भरतो.

सरोवर व जीवसृष्टी : पाण्याचा सामू १० च्या आसपास असल्याने त्यात मासे नाहीत, नील-हरित शैवाल मात्र विपुल आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. सरोवरातील क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी स्थानिक नावे असून साबण व काच करण्यासाठी ते पूर्वी काढले जात. उतारावरील जंगलात मोर, वानर व घोरपड आढळतात.

आख्यायिका व मंदिरे : लवणासुराला विष्णूने येथे मारले, अशी कथा आहे. त्यावरूनच गावातील दैत्यसूदन मंदिराला नाव मिळाले. त्याचे दगडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. जवळच्या अंबर तळ्यापाशी मोठा मारुती ही आडवी मूर्ती आहे.

संरक्षण : विवर राष्ट्रीय भूवारसा स्थळ असून २००० मध्ये परिसराला अभयारण्याचा आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. हिवाळ्यातील सकाळ चालण्यास उत्तम. पावसाळ्यात दगड निसरडे होतात. प्यायचे पाणी सोबत घ्यावे. येथील खडक हाच आघाताचा पुरावा असल्याने एकही दगड उचलून नेऊ नये.