दोन गाड्या आणि सहा मिलिमीटर

जुन्या अमेरिकी गाड्यांचा मी चाहता. १९६४ची पाँटियाक जीटीओ म्हणजे मोकळ्या रस्त्याची, मनमौजी गाडी आणि आपल्याकडची कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे हिशेबी गाडी, अशी माझी कैक वर्षे समजूत होती. दोघींचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा ती टिकली नाही.

जीटीओचे इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, जाहीर ताकद ३२५ अश्वशक्ती. २०१७ साली आलेल्या, पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १.२ लिटरचे, बाजारात आली तेव्हा ताकद ११०. जवळजवळ तिप्पट फरक! पण अभ्यासकाने इथे थबकावे. त्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर, एअर फिल्टर आणि सायलेन्सरची नेहमीची जोडणी न करता मोजत. १९७२पासून ही जोडणी धरून मोजलेला आकडा छापला जाऊ लागला. १९७१ साली शेवरोलेने आपल्या ४५४ घनइंची इंजिनाचे दोन्ही आकडे दिले होते : ३६५ आणि २८५. नेक्सॉनचा आकडा या दुसऱ्या पद्धतीचा. तेव्हा खरा फरक दिसतो त्याहून कमी आहे.

जीटीओ जन्मली कशी? जनरल मोटर्सचा घरचाच नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटियाकच्या जॉन डीलोरियन आणि सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवे मॉडेल न म्हणता, टेम्पेस्ट गाडीवर जादा पैसे मोजून घ्यायचा संच म्हणून त्यांनी मोठे इंजिन विकले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. पुढे १९७०चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३चे तेलसंकट आले. १९७४च्या मॉडेलनंतर ती मालिका संपली.

नेक्सॉनच्या मागेही नियमच उभा आहे. २००६च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. पुढे जीएसटीतही चार मीटरची रेघ कायम राहिली. नेक्सॉन बाजारात आली ती ३,९९४ मिलिमीटर लांबीची. रेघेच्या अलीकडे सहा मिलिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे अंतर! उंचीला मात्र अशी रेघ नव्हती.

एकीने नियमाला बगल दिली, दुसरीने तो मिलिमीटरपर्यंत पाळला. घडवले दोघींनाही नियमानेच. म्हणून मला वाटते, करसवलत लांबीवर द्यायची, वजनावर की इंधनाच्या खपावर, हा केवळ तिजोरीचा प्रश्न नाही. ते ठरवताना आपण उद्या आपल्या गल्लीत उभी राहणारी गाडीच ठरवत असतो.