वर्ध्याचा माणूस आणि मेक्सिकोची पोळी

मंडळी, अमेरिकेतल्या बरिटोवर वाशीमच्या निवृत्त बाईंनी काय लिहावं, असं तुम्हाला वाटेल. पण या खाण्याचा इतिहास आपल्या विदर्भाला येऊन भिडतो, म्हणून हा लेख.

मेक्सिकोचं मूळ अन्न मका. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, हातावर थापून तव्यावर भाजत. म्हणजे आपल्या भाकरीची बहीणच. पुढे स्पॅनिश लोकांनी तिथे गहू नेला. उत्तरेकडच्या सोनोरा भागात तो चांगला पिकू लागला आणि तिकडे गव्हाची पातळ, मोठी पोळी रुळली. तिच्यात राजमा गुंडाळला की झाला बरिटो. या शब्दाचा अर्थ 'छोटं गाढव'! मेक्सिकन मजुरांबरोबर तो कॅलिफोर्नियात आला. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात भात घालून, चांदीसारख्या कागदात गुंडाळलेला त्याचा थोराड अवतार प्रसिद्ध झाला.

लेकाकडे गेले होते तेव्हा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक छोटं दुकान होतं. काचेपलीकडची बाई पोळी गरम करी आणि आपण बोट दाखवू ते त्यात घाली. भात, राजमा, टोमॅटो-मिरचीची चटणी. राजम्यात चरबी नाही ना, एवढं मी आधी विचारून घेई. नातू म्हणाला, "आजी, तुला नाही आवडणार. हे आपलं नाहीये."

मी म्हटलं, मिरची, मका, टोमॅटो हे सगळं त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलंय रे बाबा. पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरे होते, ठेचा नव्हता. मग त्याला मी पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट सांगितली.

खानखोजे आपल्या वर्ध्याचे. क्रांतीच्या ध्यासानं विशीत देश सोडला. जपानमार्गे अमेरिकेत गेले, तिथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत पडले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. परतीची वाट बंद झालेली. १९२४ साली ते मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर एक चित्र रंगवलं आहे, 'आमची रोजची भाकरी' या अर्थाच्या नावाचं. त्यात जेवणाच्या मेजाशी बसून भाकरी मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे!

१९४० च्या दशकात याच चापिंगोच्या शेतांत नॉर्मन बोरलॉग यांचे गव्हाचे प्रयोग सुरू झाले. आणि १९६६ साली, दुष्काळानं देश टेकीला आला असताना, भारतानं मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. त्यातल्या एका वाणाचं नाव होतं 'सोनोरा ६४'. तोच सोनोरा, जिथली ती पोळी!

तोवर आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी असे, पोळी सणावारी किंवा पाहुणा आला तर. आज वाशीमला लेकरं भाकरी पाहून नाक मुरडतात. पोळी रोजची झाली ती या बियाण्याच्या पिढ्यांमुळे. ज्वारी मागे पडली, त्याचं वाईट वाटतं. पण रेशनच्या रांगा पाहिलेल्या माझ्या पिढीला त्या गव्हाला नावं ठेवता येत नाहीत.

खानखोजे इंग्रज गेल्यावरच मायदेशी परतू शकले. १९६७ साली नागपुरात वारले. ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्या मेक्सिकोत चापिंगोला २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. इकडे विदर्भात त्यांचं नाव किती घरांत ठाऊक आहे? आत्महत्यांच्या बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या भागातला एक माणूस परक्या देशातल्या शेतकऱ्यासाठी राबला, हे आपल्या पोरांना कळायला हवं.

नातवानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते तिथे मेक्सिकन झाले का?" मी म्हटलं, भुकेल्याच्या पंगतीत बसणाऱ्याला असं काही व्हावं लागत नाही.

असो. ताई, दादा, तुमच्या नातवंडांना ही गोष्ट जरूर सांगा.